ठराव, विधेयक आणि कायदा



आपल्याकडे गावात बोलताना तीन वेगळ्या वस्तू एकाच पोत्यात भरल्या जातात. ‘मुंबईला ठराव झाला’, ‘मुंबईला कायदा झाला’ आणि ‘मुंबईहून जी.आर. निघाला’. ऐकणाऱ्याला तिन्हींचा अर्थ एकच वाटतो. सरकारने काहीतरी ठरवले, आता ते होणार! मग वर्ष उलटून जाते, काही होत नाही, आणि आपण ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ असे म्हणून मोकळे होतो. पण पुष्कळ वेळा दोष उशिराचा नसतोच. जे कायदा समजून आपण घरी आणले, तो नुसता ठराव असतो.

या तीन वस्तू सोडवून वेगळ्या कशा करायच्या, हे आज पाहायचे आहे. त्यासाठी घटनेची कलमे पाठ करण्याची जरुरी नाही. मुंबईच्या कायदेमंडळाच्या इतिहासातच एक तळे आहे, कोकणातली खोती आहे आणि दुष्काळी भागातले मातीकाम आहे. या तिघांची हकीकत ऐकली की विषय आपोआप उलगडत जातो.

मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये भरली. अध्यक्षस्थानी खुद्द गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क. जगन्नाथ शंकरशेट आणि विंचूरचे जहागीरदार यांच्यासारखी काही एतद्देशीय मंडळी सभासद म्हणून बसलेली. ‘बसलेली’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण बसण्यापलीकडे त्यांच्या हाती फारसे काही नव्हते. त्यांना कोणी निवडून दिलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते. समोर आलेल्या कायद्याच्या मसुद्यावर बोलावे, एवढीच मुभा. सरकारला प्रश्न विचारता येत नसे. खर्चाचा हिशेब मागता येत नसे. घरातल्या थोरल्याने सोयरीक ठरवून टाकावी आणि मग धाकट्यांना ‘तुमचं काय मत?’ म्हणून विचारावे, तसला हा प्रकार.

असा तीस वर्षांचा काळ गेला. १८९२ च्या कायद्याने सभासदांना दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे आगाऊ सूचना देऊन प्रश्न विचारणे, आणि दुसरी अंदाजपत्रकावर बोलणे. बोलणे एवढेच बरे का, मत देणे नव्हे. मिळालेल्या उत्तराने समाधान झाले नाही तर उपप्रश्न विचारण्याचीही सोय नव्हती. तरी लोकांच्या शिफारशीने आलेली माणसे आता आत शिरू लागली. टिळक १८९५ मध्ये या कौन्सिलात आले, गोपाळ कृष्ण गोखले १८९९ मध्ये आले आणि फिरोजशहा मेहता तर तिथले मुरलेले गडी होते.

या जुन्या कौन्सिलातला एक प्रसंग शेतकरी श्रोत्यांनी तरी माहीत करून घेतला पाहिजे. १९०१ साली सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करणारे एक बिल आणले. नुकताच मोठा दुष्काळ होऊन गेला होता. सारा थकला म्हणून ज्या जमिनी सरकारजमा झाल्या, त्या पुन्हा शेतकऱ्याला देताना सरकार अशी अट घालू शकेल की, ही जमीन त्याने विकू नये आणि गहाण टाकू नये, असा त्या बिलाचा मथितार्थ होता. सरकारचे म्हणणे, सावकाराच्या तावडीतून शेतकऱ्याला वाचवायचे आहे. मेहता-गोखल्यांचे म्हणणे, असे करून सरकार स्वतःच मालक होऊन बसेल आणि शेतकऱ्याची पत बुडेल. निदान लोकांचे मत घेण्यासाठी तरी थांबा. सरकार थांबले नाही. सरकारी सभासदांचे मताधिक्य ठरलेलेच होते. तेव्हा ऑगस्ट १९०१ मध्ये फिरोजशहा मेहता, गोखले आणि आणखी काही सभासद उठून सभागृहाबाहेर निघून गेले. आज सभात्याग म्हणजे रोजची बाब झाली आहे. त्या काळी तो मोठा स्फोट वाटला. वर्तमानपत्रांत गाजला, इतिहासाच्या पुस्तकांत आला.

आणि बिलाचे काय झाले? ते मंजूर झाले. तुमच्या तलाठ्याला विचारा. सातबाऱ्यावर ‘नवी शर्त’ म्हणून जो शेरा आढळतो, ज्या जमिनीची विक्री परवानगीशिवाय होत नाही, त्या शर्तीचे मूळ या १९०१ च्या कायद्यात आहे. सभात्याग पुस्तकात राहिला, कायदा सातबाऱ्यावर राहिला. गोखल्यांविषयी मला नितांत आदर आहे, ते आमच्या अध्यापकांच्याच जातकुळीतले! परंतु ज्या सभेत मत मोजायचे नाही, त्या सभेत उत्तम भाषणाचीही धाव कुठवर जाते, हे या प्रसंगावरून दिसते.

आता तळ्याकडे येऊ.

१९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर मुंबईच्या कौन्सिलात निवडून आलेल्या सभासदांची संख्या प्रथमच निम्म्याहून अधिक झाली. १९२१ पासून हे नवे कौन्सिल कामाला लागले. पण कारभाराचे दोन भाग करून ठेवले होते. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती लोकांनी निवडलेल्या मंत्र्यांकडे. तिजोरी, पोलीस आणि जमीन महसूल गव्हर्नरच्या माणसांकडे. म्हणजे स्वयंपाक सुनेने करायचा आणि कोठीची किल्ली सासूच्या कमरेला. इंग्रजांनी याला ‘द्विदल राज्यपद्धती’ असे भारदस्त नाव दिले होते.

या कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले नावाचे एक सभासद होते. भंडारी समाजाचे पुढारी, मुंबईच्या कामगारांत वावरलेले. त्यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी एक ठराव मंजूर करून घेतला. आशय असा: सरकारी पैशातून बांधलेली वा चालवलेली, किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, दवाखाने यांचा वापर अस्पृश्य वर्गाला करू द्यावा, अशी कौन्सिल शिफारस करते.

शेवटचा शब्द पुन्हा ऐका. शिफारस करते. सभागृहाचा ठराव म्हणजे सभागृहाने सरकारला सांगितलेले आपले मत. ते मत कितीही मोठ्या बहुमताने दिलेले असो, सरकार ते मानील किंवा मानणार नाही. यात ‘अमुक न करणाऱ्यास अमुक शिक्षा’ असे कलम नसते. यासाठी खर्चाची तरतूद नसते. कोणा अधिकाऱ्यावर काही कर्तव्य लादलेले नसते.

सरकारने पुढच्याच महिन्यात, म्हणजे सप्टेंबर १९२३ मध्ये, आपल्या खात्यांना हुकूम काढला की, सरकारी मालकीच्या जागांपुरती या ठरावाची अंमलबजावणी करा. नगरपालिका आणि लोकल बोर्डांचे काय? कलेक्टरांनी त्यांना ही शिफारस विचारात घेण्याविषयी सल्ला द्यावा! शिफारशीवर सल्ला, असे हे कागदी घोडे निघाले. बहुतेक नगरपालिकांनी कागद दप्तरात बांधून ठेवला.

कुलाबा जिल्ह्यातल्या महाडच्या नगरपालिकेने तसे केले नाही. तिने जानेवारी १९२४ मध्ये आपला ठराव करून गावचे चवदार तळे सर्वांना खुले केले. पण कागदावर खुले झालेले तळे प्रत्यक्षात बंदच राहिले. तीन वर्षे एकाही अस्पृश्य माणसाला त्या पाण्याला हात लावण्याचे धाडस करता आले नाही. कोणी अडवले तर दाद कुठे मागायची? ठरावात तसे काही लिहिलेलेच नव्हते.

बोल्यांच्याही ध्यानात ही गोम आली असली पाहिजे. कारण ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी दुसरा ठराव मांडला, तो असा की, ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिल्या ठरावाचा अंमल करीत नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान थांबवावे. आता त्यांनी बरोबर नस पकडली होती. लोक उपदेशाने हलत नाहीत, पण अनुदान थांबायची पाळी आली की हलतात. हे आमच्या शाळा चालवणाऱ्या संस्थांना मी वेगळे सांगायला नको.

पुढची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद संपल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर त्या लोकांना मारहाण झाली. तळे ‘शुद्ध’ करण्याचे विधी झाले. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे एक कृत्य झाले, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोल्यांचा ठराव मंजूर झाल्याला त्याच तारखेला चार वर्षे पुरी होत होती. जे ठरावाने केले, ते ठरावाने मोडले. सभा भरली, हात वर झाले, काम संपले.

डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरुद्ध पक्षाने दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम आणला. तळे आमचे, आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव हा पूर्वापार वहिवाटीचा हक्क, असा त्यांचा दावा. तो दावा मुंबई हायकोर्टापर्यंत गेला आणि मार्च १९३७ मध्ये त्याचा अखेरचा निकाल लागला. अशी वहिवाट अनादि काळापासून चालत आल्याचे शाबीत होत नाही, असे हायकोर्टाने ठरवले आणि दावा फेटाळला गेला. पाण्याच्या एका ओंजळीसाठी दहा वर्षे कोर्टात गेली.

मग काय, बोल्यांचा ठराव फुकट गेला म्हणायचा? पुष्कळ लेखक तसे लिहून मोकळे होतात. मला ते पटत नाही. महाडला जमलेली माणसे आपण कायदेमंडळाने मान्य केलेली गोष्ट करीत आहोत, अशा भरवशावर तळ्याकडे निघाली होती. तो ठराव नसता तर महाडच्या नगरपालिकेने १९२४ चा ठराव केला नसता. ठरावाने दार उघडत नाही हे खरे, पण दार कोणते, हे तो दाखवून देतो. आणि भारताच्या घटनेचे पंधरावे कलम काढून पाहा. राज्याच्या पैशातून चालणाऱ्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराला जातीच्या कारणावरून कोणाला मज्जाव करता येणार नाही, असे त्यात लिहिले आहे. १९२३ च्या ठरावाचा सूर कान देऊन ऐकणाऱ्याला तिथे ओळखू येतो. फरक एवढाच की, आता ती शिफारस राहिली नव्हती. १९५५ साली संसदेने अस्पृश्यता गुन्हा कायदा केला, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. १९७६ मध्ये तो कायदा अधिक कडक झाला आणि त्याचे नावही बदलून नागरी हक्क संरक्षण कायदा असे ठेवले गेले. गावोगावच्या सगळ्या विहिरी त्यामुळे एका रात्रीत खुल्या झाल्या, असे कोणी म्हणणार नाही. पण अडवणारा गुन्हेगार ठरला आणि पाण्यावर जाणारा हक्काचा माणूस ठरला. एखादी नगरपालिका दुपारच्या सभेत हात वर करून हे फिरवू शकत नाही.

ठरावाचे हे एवढे झाले. विधेयक ही दुसरी चीज. जुन्या माणसांच्या तोंडी ‘बिल’. विधेयक म्हणजे कायदा होऊ पाहणारा मसुदा. सभासद कोणीही असो, मंत्री असो की विरोधी बाकावरचा एकटा माणूस असो, त्याला विधेयक मांडता येते. मांडता येणे निराळे आणि मंजूर होणे निराळे. हे समजण्यासाठी कोकणात उतरले पाहिजे.

रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत सरकार आणि कूळ यांच्या मध्ये खोत उभा असे. सरकारचा सारा त्याने भरायचा आणि कुळाकडून त्याने वसूल करायचा. कुठे अर्धेल, म्हणजे पिकाचा निम्मा वाटा, कुठे तिर्धेल. शिवाय वेठीला जायचे, ते वेगळेच. १८८० मध्ये सरकारने खोतीचा एक कायदा केला, पण त्याने खोत गेला नाही, त्याची मांडणी पक्की झाली. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावाने १९३३ पासून १९३९ पर्यंत, नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली संप चालवला. सहा वर्षे जमिनी कसायच्या नाहीत आणि सावकार-खोतांपुढे वाकायचे नाही! पोट कसे भरले असेल त्या माणसांनी, याचा विचार नुसत्या सनावळ्या पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून एकदा करून घ्यावा.

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली. १९३७ मध्ये निवडणुका होऊन मुंबईत १७५ सभासदांची विधानसभा आली आणि बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले. त्या वेळी त्या पदाला पंतप्रधान म्हणत. कोठीची किल्ली आता बरीचशी लोकनियुक्त मंत्र्यांकडे आली. संसदीय पद्धतीचा मुख्य खिळा इथे ठोकला गेला, तो असा: मंत्रिमंडळ सभागृहातूनच येते, सभागृहाला जबाबदार असते आणि सभागृहातले बहुमत गेले की त्याला जावे लागते. गव्हर्नरच्या मर्जीवर नव्हे, सभासदांच्या मतांवर सरकार उभे राहते. राखीव अधिकार गव्हर्नरकडे होतेच, परंतु रोजचा कारभार मंत्र्यांचा.

त्याच वर्षी १७ सप्टेंबरला डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले. ते आता विरोधी बाजूला, स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बसत. विधेयकात काय होते? खोती पद्धत संपवावी, खोताला वाजवी भरपाई द्यावी आणि प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्याला महसूल कायद्याप्रमाणे कब्जेदाराचे हक्क द्यावेत. पुढे जानेवारी १९३८ मध्ये कोकणातून आणि इतर भागांतून आलेल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. शिष्टमंडळ मुख्यमंत्र्यांना भेटले. आजही मोर्चे जातात, पण त्या काळी गुडघ्यापर्यंत धोतर नेसलेली कुळे कायदेमंडळाच्या दारी स्वतःच्याच विधेयकासाठी उभी राहतात, हे दृश्य नवे होते.

विधेयक मात्र पुढे सरकले नाही. ते सरकारी विधेयक नव्हते. खाजगी सभासदाच्या विधेयकाला सभागृहाचा थोडा वेळ मिळतो; बाकीचा वेळ सरकारच्या कामाला. सरकारी पक्षाचे बहुमत ज्याच्यामागे नाही, ते विधेयक दारातच बसून राहते. त्यातही भरपाई द्यायची म्हणजे तिजोरीतून पैसा काढायचा, आणि पैशाची मागणी सरकारखेरीज दुसऱ्या कोणाला करता येत नाही. हा नियम आजही आहे, आणि तो असावा हेही खरे. नाहीतर प्रत्येक सभासद आपल्या तालुक्यापुरती तिजोरी उघडील. पुढे नोव्हेंबर १९३९ मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि गव्हर्नरचा कारभार सुरू झाला.

पण ज्या विधेयकात जीव असतो, ते असे सहजासहजी मरत नाही. १९४६ मध्ये खेर मंत्रिमंडळ पुन्हा आले. या वेळी सरकारनेच खोती नाहीशी करण्याचे विधेयक आणले. मुंबई खोती निर्मूलन कायदा १९४९ चा, अंमल १९५० मध्ये सुरू झाला. बारा-तेरा वर्षांपूर्वी विरोधी बाकावरून जे मागितले गेले होते, ते सरकारी बाकावरून दिले गेले. श्रेय कोणाचे, याचा वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. मला त्यात कायदेमंडळाची चाल दिसते. विरोधी सभासदाचे विधेयक पडते, पण त्याचे कागद सभागृहाच्या दप्तरात राहतात, आणि बाहेर चरीसारखी गावे हटून बसलेली असली म्हणजे पुढच्या सरकारला ते कागद काढावे लागतात.

विधेयक सरकारचे असले तरी त्याला वाट चालावीच लागते. प्रथम ते मांडले जाते. मग त्याच्या तत्त्वावर चर्चा होते: असा कायदा हवा की नको? हवा, असे ठरले की एकेक कलम घेऊन दुरुस्त्या मांडल्या जातात. मोठे विधेयक असेल तर त्याआधी निवडक सभासदांच्या समितीकडे जाते. तिथे पक्षाचे झेंडे जरा बाजूला पडतात आणि पुष्कळदा खरे काम तिथेच होते. शेवटी संपूर्ण विधेयकावर मत. आपल्या राज्यात दोन सभागृहे आहेत. २८८ सभासदांची विधानसभा आणि ७८ सभासदांची विधान परिषद. परिषदेतल्या ७ जागा शिक्षक मतदारसंघांच्या आहेत, पण त्यांत मत माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना; प्राथमिक शिक्षकांना नाही. ही गोष्ट मला व्यक्तिशः बरोबर वाटत नाही. असो. पैशाच्या विधेयकावर परिषद चौदा दिवसांपेक्षा अधिक अडवणूक करू शकत नाही. इतर विधेयकांना ती काही महिने थांबवू शकते, मोडू शकत नाही. दोन्हीकडून पार पडले की राज्यपालांची, काही बाबतींत राष्ट्रपतींची संमती. मग ते राजपत्रात छापले जाते, अंमलाची तारीख ठरते आणि त्याखालचे नियम होतात.

याच विधान परिषदेचे वि. स. पागे हे १९६० पासून १९७८ पर्यंत सभापती होते. सभापतीने वादात पडायचे नसते, विधेयक आणायचे नसते. तरी ज्या कायद्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले, तो रोजगार हमीचा. सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात १९६५ साली याचा प्रयोग झाला. विचार साधा होता. ज्याला अंगमेहनतीचे काम हवे आहे, त्याला गावाजवळ काम द्यायचे, आणि त्या कामातून बांध, तलाव, रस्ते उभे करायचे. १९७२ मध्ये योजना राज्यभर लागू करण्याचे ठरले, आणि नेमका तेव्हाच तो भयंकर दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे खडी फोडीत होती. ज्या वाचकांनी त्या वेळी सुकडी खाल्ली आहे, त्यांना आकडा सांगण्याची गरज नाही.

आता तिसऱ्या शब्दाकडे पाहू. जी.आर., म्हणजे शासन निर्णय. हा सभागृहाचा नसतोच. मंत्रिमंडळाने धोरण ठरवल्यावर खात्याच्या सचिवांच्या सहीने तो निघतो. त्याला कमी लेखू नये. आपल्या पगारापासून पाझर तलावापर्यंत निम्मा कारभार त्याच्यावरच चालतो. पण एका जी.आर.ने दिलेले दुसरा जी.आर. काढून घेऊ शकतो. आणि त्याच्या तळाशी ‘उपलब्ध तरतुदीच्या अधीन राहून’ अशा अर्थाची एक ओळ असली की समजावे, पैसा असेल तर मिळेल, नसेल तर नाही. पहिल्या वर्षांत रोजगार हमीची योजना अशा सरकारी आदेशांवरच चालली होती. मजुराला काम मिळे, पण ते सरकारच्या इच्छेने.

मग दोन गोष्टी झाल्या. त्यांचा क्रम ध्यानात घ्या. आधी पैसा आला. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कराचा कायदा केला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्यावर हा कर बसला आणि हेतू हाच की, खेड्यातल्या मजुराच्या कामाला हक्काचा निधी हवा. श्रोत्यांतल्या शिक्षक बंधुभगिनींच्या पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ म्हणून जी ओळ असते, तिचा जन्म असा झाला. ती कापली गेली म्हणून आपण कुरकुरतो, मीही कुरकुरतो. पण कुठल्याशा माळावरच्या नालाबांधाची हजेरी त्या ओळीतून निघत होती.

आणि १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचे विधेयक एकमताने मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळून २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अंमलात आला. मागेल त्या प्रौढ ग्रामीण माणसाला अकुशल अंगमेहनतीचे काम मिळण्याचा हक्क आहे, असे त्यात लिहिले गेले. वेगळा रोजगार हमी निधी निर्माण झाला. ठरावीक करांतून जेवढे येईल, तेवढीच रक्कम राज्याने आपल्या पदरची घालायची. पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेकारभत्ता द्यायचा. तो भत्ता रोज निदान एक रुपया, म्हणजे तेव्हाही क्षुल्लकच होता. तरीही त्या रुपयात मोठा बदल होता. काम न देणे ही आता सरकारची अडचण राहिली नाही, सरकारची चूक ठरली. दोन्ही सभागृहांच्या सभासदांची एक समिती या कामांवर देखरेखीला बसली. पुढे २००५ मध्ये संसदेने सबंध देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा कायदा समोर होता.

या कायद्याखाली तहसीलदाराकडे दुष्काळात करायची ती विनंती करावी लागत नसे. काम हवे असणाऱ्यांनी नमुना ४ भरून लेखी मागणी द्यायची आणि तिची तारखेसह पोच घ्यायची. अर्जाला ‘बघू’ असे उत्तर देता येते. मागणीला पोच द्यावी लागे, आणि पंधरा दिवस त्या पोचेवरच्या तारखेपासून मोजले जात. ज्या गावांत कोणी शाळामास्तर किंवा चार इयत्ता शिकलेली पोरगी पोच मागून घेत असे, तिथे ते दिवस मोजले गेले.